विश्लेषण : थेंबातले शिसे शोधणारी ग्राफाइटची नळी आणि बर्नरवाले बुन्सेन

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडीला थांबते, तेव्हा दारात उभ्या असलेल्या प्रवाशाला वालधुनी नदीची जाणीव अनेकदा आधी नाकाला होते, मग डोळ्यांना. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत येणारी ही नदी उल्हासनगर, विठ्ठलवाडी ओलांडून कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. पाण्याचा काळा रंग दिसतो, वास येतो. पण त्यात शिसे आहे का, कॅडमियम आहे का, असल्यास किती, हे डोळ्यांना आणि नाकाला कधीच कळत नाही. ते शोधण्यासाठी आज प्रयोगशाळेत बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब अशी ग्राफाइटची नळी वापरतात. या नळीमागचे विज्ञान ज्यांच्या कामातून उभे राहिले, त्यांचे नाव शाळेच्या प्रयोगशाळेतून सर्वांना ठाऊक आहे. ते म्हणजे रॉबर्ट बुन्सेन.

पाण्यातले धातू मोजणे इतके अवघड का?

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. वायूचा त्रास लगेच जाणवतो. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो, लोक घराबाहेर पळतात. शिशासारख्या जड धातूंचे तसे नसते. ते थोडेथोडे शरीरात साठत जातात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, कॅडमियम मूत्रपिंडात साचते. त्रास दिसू लागतो तोवर वर्षे उलटलेली असतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. वालधुनीचे पाणी कोणी पीत नाही हे खरे. पण सांडपाण्यावर वाढणाऱ्या पालेभाज्या, खाडीतली मासळी, काठावरच्या विहिरी आणि विंधणविहिरी यांचा प्रश्न उरतोच. शिशाची ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे वजनाने पाण्याचे दहा कोटी भाग आणि त्यात शिशाचा एक भाग. इतके सूक्ष्म प्रमाण तराजूवर तोलता येत नाही. त्यासाठी प्रकाशाची मदत घ्यावी लागते. ही युक्ती बुन्सेन आणि त्यांचे मित्र गुस्ताव्ह किर्चहॉफ यांनी १८५९ च्या सुमारास जगाला दिली.

बुन्सेन कोण होते?

रॉबर्ट बुन्सेन यांचा जन्म मार्च १८११ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे झाला. चार भावंडांत ते धाकटे. वडील तिथल्याच विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते. विशीच्या उंबरठ्यावरच रॉबर्ट यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली आणि पुढे शिष्यवृत्तीवर युरोपचा दौरा केला. कारखाने, खाणी, प्रयोगशाळा, जिथे जाता येईल तिथे ते गेले. गीसेनला लीबिग आणि पॅरिसला गे-ल्युसॅक यांच्यासारख्या नामवंतांशी त्यांची गाठ पडली. या भटकंतीतून एक सवय त्यांच्या अंगी कायमची मुरली. पुस्तकातल्या सिद्धान्तापेक्षा हाताने केलेल्या मोजमापावर ते अधिक विश्वास ठेवत. आपल्याला लागणारी उपकरणे ते स्वतः बनवत, काचेच्या नळ्याही स्वतः फुंकून घडवत.

सोमलाने काय दिले, काय नेले?

बुन्सेन यांचे पहिले मोठे काम सोमलावर, म्हणजे आर्सेनिकवर झाले. त्या काळी सोमल हे विषप्रयोगाचे हमखास साधन होते आणि त्यावर उतारा जवळपास नव्हता. १८३४ मध्ये बुन्सेन यांनी बर्टहोल्ड या वैद्यकीय सहकाऱ्यासोबत दाखवून दिले, की ताजा बनवलेला ओलसर लोह हायड्रॉक्साइड पोटातील सोमलाला पकडून ठेवतो आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. हा उतारा पुढे कित्येक दशके वापरात राहिला. पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी आजही लोहाची संयुगे वापरली जातात, त्यामागे हाच गुणधर्म आहे.

त्यानंतर कासेल आणि मारबुर्ग येथे शिकवत असताना त्यांनी कॅकोडिल नावाच्या आर्सेनिकच्या संयुगांचा अभ्यास हाती घेतला. ही संयुगे कमालीची दुर्गंधीयुक्त, विषारी आणि हवेत आपोआप पेट घेणारी. बुन्सेन सुमारे सहा वर्षे या कामात होते. त्यांना एकदा आर्सेनिकची इतकी तीव्र बाधा झाली, की ते मरणाच्या दारातून परतले. एका स्फोटात काचेचा तुकडा लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. पुढे ज्या माणसाने सारे आयुष्य प्रकाशाच्या रेषा पाहण्यात घालवले, त्याने ते काम एकाच डोळ्याने केले. या अनुभवानंतर त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रातील संशोधन जवळजवळ सोडून दिले आणि ते खनिजे, वायू, धातू यांच्याकडे वळले.

कार्बनशी त्यांचा संबंध कसा आला?

१८४१ मध्ये बुन्सेन यांनी विजेची नवी बॅटरी तयार केली. त्यापूर्वीच्या चांगल्या बॅटरीत प्लॅटिनमचा पत्रा लागे आणि तो फार महाग पडे. बुन्सेन यांनी कोक आणि दगडी कोळशाची भुकटी साच्यात भरून भाजली आणि कार्बनचा घट्ट ठोकळा बनवला. हा कार्बन वीज वाहून नेई, आम्लाला दाद देत नसे आणि स्वस्तही होता. या बॅटऱ्या जोडून त्यांनी झगझगीत विद्युत प्रकाश मिळवला, वितळलेल्या क्षारांमधून मॅग्नेशियमसारखे धातू वेगळे केले.

कार्बनचे जे गुण बुन्सेन यांनी बॅटरीसाठी हेरले, तेच आजच्या ग्राफाइट नळीच्या मुळाशी आहेत. ग्राफाइट हे कार्बनचेच एक रूप. त्यातून वीज वाहते, वीज वाहताना ते तापते आणि ३,००० अंश सेल्सिअसलाही वितळत नाही. पोलाद त्याच्या निम्म्या तापमानातच पाणी होते.

याच काळात त्यांनी लोखंडाच्या झोतभट्ट्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंचे मोजमाप केले आणि इंधनाची निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते हे जर्मनी आणि इंग्लंडमधील कारखानदारांना आकड्यांनिशी दाखवले. १८४६ मध्ये ते आइसलँडला गेले. उकळत्या पाण्याच्या कारंजांमध्ये तापमापक सोडून, पाणी नेमके कशामुळे उसळते याचा उलगडा त्यांनी केला.

बर्नर मुळात कशासाठी हवा होता?

१८५२ मध्ये बुन्सेन हायडेलबर्ग विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली गेली, शहरात गॅसची नळयोजना आली होती. पण तेव्हाच्या गॅसच्या दिव्यांची ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असे. बुन्सेन यांना तापमान जास्त आणि स्वतःचा रंग जवळपास नसलेली ज्योत हवी होती. कारण त्यांना ज्योतीत क्षार धरून त्याचा रंग पाहायचा होता. ज्योतच पिवळी असेल तर दुसरा रंग दिसणार कसा?

उपाय साधा होता. गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची. विद्यापीठाचे यंत्रकार पीटर डेसागा यांनी १८५५ च्या सुमारास असा बर्नर घडवून दिला. बुन्सेन यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. शास्त्रज्ञाने शोधातून पैसा कमावू नये, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे बर्नर जगभर कोणालाही बनवता आला आणि कालांतराने आपल्याकडच्या शाळांच्या प्रयोगशाळांतही पोहोचला.

वर्णपटाचा शोध कसा लागला?

ज्योतीचा रंग पाहून मूलद्रव्य ओळखण्यात एक अडचण होती. मिठातल्या सोडियमचा पिवळा रंग इतका दांडगा असतो, की त्याखाली इतर रंग झाकले जातात. बुन्सेन रंगीत काचांतून ज्योत पाहून हे रंग वेगळे करू पाहत होते. भौतिकशास्त्रज्ञ किर्चहॉफ यांनी सुचवले, की प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा पट्टाच पाहावा. दोघांनी सिगारची पेटी, लोलक आणि जुन्या दुर्बिणींचे तुकडे जोडून वर्णपटदर्शक तयार केला. त्यातून दिसले ते विलक्षण होते. प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत आपल्या ठरावीक रेषाच दाखवते. दोन मूलद्रव्यांच्या रेषा सारख्या नसतात. माणसांच्या बोटांचे ठसे वेगवेगळे असावेत तसेच हे.

दुसरा शोध त्याहून मोलाचा ठरला. किर्चहॉफ यांनी सूर्यप्रकाश सोडियमच्या ज्योतीतून जाऊ दिला, तेव्हा वर्णपटातल्या पिवळ्या जागी उजळ रेषा दिसण्याऐवजी तिथली काळी रेषा अधिकच गडद झाली. म्हणजे जे मूलद्रव्य ज्या रंगाचा प्रकाश सोडते, तोच प्रकाश ते शोषूनही घेते. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचे कोडे सुटले. सूर्यावर कोणती मूलद्रव्ये आहेत, हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले.

या पद्धतीची संवेदनक्षमता दोघांनी मोजूनही पाहिली. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात सोडियमच्या क्षाराचा लहानसा स्फोट करून, दूरच्या ज्योतीत सोडियमची रेषा कधी उमटते हे त्यांनी पाहिले. एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम ओळखता येते, असा हिशेब निघाला.

४४ टन पाणी कशासाठी आटवले?

१८६० मध्ये बुन्सेन यांनी ड्युर्कहाइम या गावच्या खनिज झऱ्याचे पाणी तपासले. त्यात सोडियम, पोटॅशियम, लिथियम हे ओळखीचे धातू होते. ते बाजूला केल्यावर वर्णपटात दोन अनोळखी निळ्या रेषा उरल्या. बुन्सेन यांनी हे नवे मूलद्रव्य असल्याचे ठरवले आणि आकाशी निळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला सिझियम नाव दिले. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट या खनिजातून गडद लाल रेषांचे रुबिडियम सापडले.

रेषा दिसली तरी हाती पदार्थ हवा होता. त्यासाठी सुमारे ४४ टन पाणी आटवावे लागले. हाती आले ते जेमतेम सात ग्रॅम सिझियम क्लोराइड. म्हणजे पाण्याच्या टँकरच्या चार-पाच फेऱ्यांमधून चहाचा एक चमचाही पुरता न भरणारा क्षार. पाण्यात अत्यल्प प्रमाणात असलेल्या धातूचा प्रकाशाच्या आधारे शोध घेण्याचे हे आद्य उदाहरण. विठ्ठलवाडीच्या पुलाखालच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेणारा माणूस आज त्याच वाटेने जातो. त्याला ४४ टनांऐवजी थेंबाच्याही अंशावर भागते, एवढाच फरक.

महाराष्ट्राशी या विद्येचा संबंध कधी आला?

वर्णपटदर्शक दहा वर्षांच्या आत मराठी मुलखात पोहोचला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ ठोकला होता. हे गाव आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. ढगांच्या फटीतून मिळालेल्या थोड्या वेळात त्यांना सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या उजळ रेषा दिसल्या आणि त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे कळले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांनी सूर्याचे वर्णपट टिपले. त्या वेळी बुन्सेन हयात होते.

मग ग्राफाइटची नळी कोठून आली?

किर्चहॉफ यांचा शोषणाचा नियम जवळपास शंभर वर्षे मुख्यतः खगोलशास्त्रज्ञांच्या कामी आला. रसायनशास्त्रज्ञ ज्योतीतून निघणारा प्रकाशच पाहत राहिले. पण ज्योतीत प्रकाश सोडणारे अणू फार थोडे असतात, बहुतेक अणू शांत अवस्थेत राहतात. हे शांत अणू प्रकाश सोडत नसले तरी शोषू शकतात. ऑस्ट्रेलियात काम करणारे ॲलन वॉल्श यांच्या हे १९५२ मध्ये लक्षात आले आणि १९५५ मध्ये त्यांनी अणुशोषणाची पद्धत प्रसिद्ध केली. शिसे मोजायचे असेल तर शिशाच्याच दिव्याचा प्रकाश ज्योतीतून सोडायचा. ज्योतीतल्या शिशाने त्यातला किती गिळला, यावरून प्रमाण काढायचे.

तरीही ज्योतीची उधळपट्टी उरलीच. फवाऱ्याने ज्योतीत सोडलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक निचऱ्यात जाते. जे ज्योतीत पोहोचते, त्याचे अणू काही हजारांश सेकंदांत वर निघून जातात. लेनिनग्राडचे तरुण संशोधक बोरिस ल्वोव्ह यांनी १९५९ मध्ये ज्योतच काढून टाकली. अमेरिकेत आर्थर किंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वर्णपट पाहण्यासाठी कार्बनच्या नळीची भट्टी वापरली होती. ल्वोव्ह यांनी ग्राफाइटच्या तापलेल्या नळीत नमुन्याची वाफ कोंडली. जर्मनीत हान्स मासमन यांनी १९६० च्या दशकात ही भट्टी सोपी केली आणि १९७० पासून तशी यंत्रे बाजारात आली.

नळीच्या आत काय घडते?

नळी साधारण तीन सेंटिमीटर लांब असते. तिच्या वरच्या छिद्रातून सुमारे २० मायक्रोलिटर पाणी सोडले जाते. एका मिलिलिटरचा हा पन्नासावा भाग. मग नळीतून वीज सोडून तापमान टप्प्याटप्प्याने वाढवतात. पहिल्या टप्प्यात शंभर अंशांच्या थोडे वर पाणी सुकते. दुसऱ्यात काहीशे अंशांवर सेंद्रिय घाण आणि सहज उडून जाणारे क्षार निघून जातात. तिसऱ्यात तापमान एकदम वाढवले जाते. धातूनुसार ते १,५०० ते २,६०० अंशांपर्यंत जाते, आणि धातूच्या अणूंचा ढग नळीत भरतो. त्यातून जाणाऱ्या दिव्याच्या प्रकाशाची घट यंत्र मोजते. शेवटी नळी आणखी तापवून साफ करतात. हे सारे दोन-तीन मिनिटांचे काम.

हवेत इतके तापलेले ग्राफाइट कोळशासारखे जळून जाईल, म्हणून नळीभोवती आर्गॉन वायू खेळता ठेवतात. तरीही काहीशे वेळा तापल्यावर नळी झिजते आणि बदलावी लागते.

मानकाच्या मर्यादेइतके शिसे असलेल्या पाण्याच्या २० मायक्रोलिटरमध्ये शिसे असते एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा पाचवा हिस्सा. बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी जितके सोडियम डोळ्याने ओळखले होते, त्याच पंक्तीतला हा आकडा आहे. पण सोडियम ज्योतीत सहज चमकते, शिसे तसे चमकत नाही. शिवाय त्यांना धातू आहे की नाही एवढेच सांगता आले होते. किती आहे, हे सांगण्याची क्षमता नळीने दिली. कायद्याला आणि आरोग्याला उपयोगी पडतो तो हाच आकडा.

आकडा कधी चुकू शकतो?

सांडपाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. रंग, मीठ, साबण, तेल यांच्या गर्दीत धातूचे अणू शोधायचे असतात. क्षारांचा धूर प्रकाश अडवतो आणि नसलेले शिसे असल्यासारखे भासते. काही क्षार तर शिशाला वेळेआधीच घेऊन उडून जातात आणि असलेले शिसे लपते. म्हणून नमुन्यात पॅलेडियमसारखा पदार्थ मिसळून धातूला धरून ठेवतात आणि धुराचा परिणाम यंत्राने वजा करतात. त्याहून मोठा धोका प्रयोगशाळेबाहेर असतो. न धुतलेली बाटली, हातावरची धूळ किंवा आम्ल न घालता तसाच ठेवलेला नमुना सगळे मोजमाप बिघडवू शकतो. भरती-ओहोटी, पाऊस, कारखान्यांची पाळी यांनुसार नदीतले पाणी तासातासाला बदलते. त्यामुळे एका बाटलीवरून नदी स्वच्छ की विषारी, याचा निकाल देता येत नाही.

बुन्सेन यांची अखेर कशी झाली?

बुन्सेन अविवाहित राहिले. प्रयोगशाळा आणि विद्यार्थी हाच त्यांचा संसार होता. रॉस्को, लोथार मायर यांसारखे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले. आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्हही तरुणपणी काही काळ हायडेलबर्गला होते. १८६० मध्ये बुन्सेन यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १८७७ मध्ये पहिले डेव्ही पदक त्यांना आणि किर्चहॉफ यांना मिळून देण्यात आले. १८८९ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि आवडत्या भूगर्भशास्त्रात रमले. १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

ग्राफाइट भट्टी त्यांनी पाहिली नाही. पण तिचे घटक त्यांच्या आयुष्यात एकेक करून आले होते : वीज वाहणारा कार्बन, स्वच्छ उष्णता, वर्णपटाची रेषा आणि पाण्यात दडलेला धातू. विषाने एक डोळा नेला, मरणाच्या दारापर्यंत नेले, तरी ते विषालाच मोजत राहिले. वालधुनीसारख्या नदीबाबत आज मोजण्याची साधने आहेत. ती नेमाने वापरली जातात का आणि आलेला आकडा काठावरच्या लोकांपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न आता रसायनशास्त्राचा राहिलेला नाही.